भिंगामागचा आरसा

सिनेमा आपण सगळेच पाहतो. पण तो टिपणाऱ्या छायालेखकाला, कॅमेरा चालू असताना, नेमके काय दिसत असते? हा प्रश्न आपल्या मनात क्वचितच येतो. आणि गंमत अशी की, चित्रपटाच्या पहिल्या चाळीसएक वर्षांत याचे प्रामाणिक उत्तर ‘धड काही नाही’ असेच द्यावे लागले असते!

दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून विल्यम्सन कॅमेरा आणला. त्या काळचे कॅमेरे हाताने फिरवायचे. सेकंदाला साधारण दोन फेरे, फेऱ्याला आठ चित्रे. हात जरा मंदावला की पडद्यावरची माणसे धावू लागत. पुढे बोलपट आला आणि सेकंदाला चोवीस चित्रे, तीही अगदी एका लयीत, घेणे भाग पडले. तेव्हा हाताची जागा मोटारीने घेतली.

हात मोकळा झाला, पण डोळ्याची अडचण राहिलीच. दृश्य पाहण्याची खिडकी कॅमेऱ्याच्या कुशीला असे. ती भिंगापासून चार बोटे दूर. त्यामुळे जवळचे काही टिपताना खिडकीत दिसे एक आणि फितीवर उमटे दुसरे. मिचेलसारख्या मातबर कॅमेऱ्यात पेटी बाजूला सरकवून थेट भिंगातून पाहता येई, पण ते चित्रीकरणाआधी. एकदा मोटार सुरू झाली की पुन्हा कुशीची खिडकी.

ही गाठ सुटली म्युनिक शहरात. आउगुस्ट आर्नोल्ड आणि रॉबर्ट रिश्टर या दोघांनी १९१७ साली तिथे एक कारखाना काढला होता. दोघांच्या आडनावांची सुरुवातीची अक्षरे जोडून त्याचे नाव पडले ‘आरी’. तिथले अभियंते एरिक केस्टनर यांनी रचलेला ‘आरिफ्लेक्स ३५’ हा कॅमेरा १९३७ साली लाइपझिगच्या जत्रेत लोकांपुढे आला.

त्यातली युक्ती समजून घेण्याजोगी आहे. कॅमेऱ्यात फीत सलग धावत नाही. ती थांबते, चित्र घेते आणि पुढे सरकते. ती सरकत असताना एक फिरती झडप प्रकाश अडवते. म्हणजे तेवढा प्रकाश वायाच जात होता. केस्टनरांनी झडपेलाच आरसा केले आणि ती पंचेचाळीस अंशांत तिरपी बसवली. झडप बाजूला असली की प्रकाश फितीवर. आड आली की तोच प्रकाश आरशावरून छायालेखकाच्या डोळ्यात! घरची बाई उरलेल्या भाताला फोडणी देते, त्यातलाच हा शहाणपणा म्हणाना.

बाकीची रचनाही तितकीच सुटसुटीत. बॅटरीवर चालणारी मोटार कॅमेऱ्याखाली उभी, आणि तीच धरायची मूठ. पुढे तीन भिंगांची फिरती तबकडी. फितीची डबी वरून चटकन बसे. चारशे फुटांची डबी मात्र साडेचार मिनिटांच्या आतच संपे. शिवाय यंत्राचा आवाज फार. संवाद टिपायचे तर त्याला जाड आवरण घालावे लागे.

आता इतिहासाची चाल पाहा. दुसऱ्या महायुद्धात हा कॅमेरा जर्मन सैन्याच्या छायालेखकांच्या हाती होता, आणि त्यातून निघालेली दृश्ये नाझी प्रचाराच्या कामी आली. मग जप्त केलेले कॅमेरे अमेरिकेत पोचले. १९४७ च्या ‘डार्क पॅसेज’मध्ये नायकाच्या नजरेतून दिसणारे जग याच कॅमेऱ्याने टिपले. १९४८ मध्ये फ्लाहर्टींनी ‘लुइझियाना स्टोरी’साठी, तर १९५६ मध्ये आपल्या सत्यजित राय यांनी ‘अपराजितो’साठी तो वापरला. आर्नोल्ड आणि केस्टनर यांना या कल्पनेबद्दल १९८२ सालचे ऑस्कर मिळाले.

यंत्र एकच, पण त्याने युद्धाचा डांगोराही पिटला आणि एका पोरक्या मुलाचे मनही दाखवले. भिंगापुढचे खरेखुरे रूप डोळ्यापर्यंत पोचवणे, एवढेच आरशाचे काम. आणि त्यातही एक मेख आहे : फितीवर चित्र उमटते, नेमक्या त्या क्षणी आरसा बाजूला झालेला असतो आणि छायालेखकापुढे अंधार असतो. कॅमेरा कुठे रोखायचा, हे त्याला त्याआधीच ठरवावे लागते. तो निर्णय कोणतीही मोटार करीत नाही.