रायपूरमध्ये आयुष्मान कार्डावर कान-नाक-घसा तज्ज्ञ कसा शोधावा?

आयुष्मान कार्ड एखाद्या डॉक्टरच्या दवाखान्यात चालते की नाही, हे डॉक्टरवर नव्हे तर रुग्णालयावर अवलंबून असते. रुग्णालय योजनेशी संलग्न हवे आणि त्याची संलग्नता कान-नाक-घसा (ईएनटी) विभागासाठीही हवी. दाराबाहेर आयुष्मानचा फलक असला, तरी ते रुग्णालय केवळ प्रसूती किंवा डोळ्यांच्या उपचारांसाठी संलग्न असू शकते.

कार्डावर काय मिळते?

योजना मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. कानाच्या पडद्याची, टॉन्सिलची किंवा सायनसची शस्त्रक्रिया असे उपचार तिच्या पॅकेजमध्ये आहेत. भरतीपूर्वीच्या 3 दिवसांच्या तपासण्या आणि घरी सोडल्यानंतर 15 दिवसांची औषधेही त्यातच येतात. मात्र कान दुखतो म्हणून ओपीडीत दाखवून औषध घेतले आणि भरती झाली नाही, तर तो खर्च कार्डातून होत नाही. त्यामुळे पहिली तपासणी सरकारी रुग्णालयात करून घेणे परवडते.

छत्तीसगडमध्ये अंत्योदय आणि प्राधान्य शिधापत्रिकाधारक कुटुंबांना वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत, तर इतर शिधापत्रिकाधारकांना 50 हजार रुपयांपर्यंत उपचार मिळतात. राज्याच्या या योजनेला पूर्वी डॉ. खूबचंद बघेल स्वास्थ्य सहायता योजना म्हणत. आता तिचे नाव शहीद वीर नारायण सिंह आयुष्मान स्वास्थ्य योजना आहे. 70 वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते.

रुग्णालय कसे शोधावे?

1. आयुष्मान भारतच्या संकेतस्थळावर 'रुग्णालय शोधा' हा पर्याय उघडा. राज्य छत्तीसगड, जिल्हा रायपूर आणि स्पेशालिटीमध्ये ईएनटी निवडा.
2. मोबाइलवर जमत नसेल, तर 14555 किंवा राज्याच्या 104 या निःशुल्क क्रमांकावर विचारा. जवळच्या चॉइस सेंटरमध्येही मदत मिळते.
3. जाण्यापूर्वी रुग्णालयाला फोन करून विचारा: "ईएनटीची ही शस्त्रक्रिया आयुष्मान कार्डावर तुमच्याकडे होते का?" काही पॅकेजेस फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव असू शकतात. म्हणून आजाराचे नाव सांगूनच विचारावे.

रायपूरमध्ये डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालय (मेकाहारा) आणि टाटीबंध येथील एम्स या दोन मोठ्या सरकारी रुग्णालयांत ईएनटी विभाग आहेत.

रुग्णालयात गेल्यावर

आयुष्मान कार्ड, आधार कार्ड, शिधापत्रिका आणि जुने रिपोर्ट सोबत न्या. प्रथम आयुष्मान मित्राच्या काउंटरवर जा. डॉक्टरांनी भरतीचा सल्ला दिल्यावर रुग्णालय ऑनलाइन मंजुरी घेते. मंजुरी आली का, हे भरतीपूर्वी विचारून घ्या.

योजना कॅशलेस आहे. आधी पैसे भरून नंतर योजनेकडून परत मिळवू, असा विचार करू नका. मंजूर पॅकेजमधील औषध, तपासणी किंवा शस्त्रक्रियेसाठी कोणी पैसे मागितले, तर पावती मागा आणि 14555 किंवा 104 वर तक्रार नोंदवा.

कार्ड महाराष्ट्रात काढले असेल तर?

नागपूर, भंडारा किंवा गोंदियात काढलेले आयुष्मान कार्ड रायपूरच्या संलग्न रुग्णालयातही चालते. मात्र तुम्हाला केवळ महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचाच लाभ मिळत असेल, तर तो छत्तीसगडमध्ये मिळेल असे गृहीत धरू नका. निघण्यापूर्वी 14555 वर खात्री करून घ्या.

केव्हा थांबू नये?

अचानक ऐकू येणे बंद झाले, नाकातून रक्त थांबत नसेल, घशात काही अडकले असेल किंवा श्वास घेण्यास त्रास होत असेल, तर यादी शोधत बसू नका. 108 वर रुग्णवाहिका बोलवा किंवा थेट जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा. कार्ड घरी राहिले म्हणून उपचार लांबवू नका. कार्डाची माहिती आयुष्मान मित्राला नंतरही देता येते, पण ती शक्य तितक्या लवकर द्या.