अण्णाआजोबांची कावेरी

अण्णाआजोबा म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. बंगळूरला बसवनगुडीच्या घरात त्यांचं एक काचेचं कपाट होतं. त्यात ज्ञानेश्वरीला टेकून एच. एस. थॉमस यांचं ‘द रॉड इन इंडिया’ उभं असे. भारतातल्या नद्यांवर गळ टाकून मासे कसे धरावेत, याचं हे पुस्तक १८७३ साली मंगळूरला निघालं. घर पक्कं शाकाहारी; पण त्या पुस्तकाला कोणी नाक मुरडलेलं मला आठवत नाही. लग्नकार्यात अण्णाआजोबा ‘आमचे थॉमससाहेब असं म्हणतात’ म्हणून सुरू झाले की नवख्या पाहुण्याला वाटे, हे कुणी ऑफिसातले वरिष्ठ असावेत. थॉमस हे मद्रास सरकारच्या मुलकी सेवेतले अधिकारी, दक्षिण कन्नडात नेमणुकीला होते. मासे कमी का होतात याचा शोध घेत त्यांनी तिथल्या नद्या पालथ्या घातल्या. बारीक जाळ्यांत आणि बांधांवरच्या सापळ्यांत पिल्लंच मारली जातात, हे त्यांनी सरकारला लिहून कळवलं होतं. अण्णाआजोबांना त्यांचं हेच फार आवडे. मासा धरायला शिकवणाऱ्यानं आधी त्याच्या पिल्लांची काळजी केली, असं ते सांगत.

मला त्यांनी शिकवलं ते गच्चीवर. काठीच्या दोरीला गळ नाही, नुसता लाल लोकरीचा तुकडा. ‘मागं गेलेली दोरी सरळ होऊ दे. घाई नको. हं, आता पुढं.’ वाळत घातलेल्या सांडग्यांवर दोरी पडली की खालून काकू ओरडायची. नकली माशी बांधायची ती संध्याकाळी, जेवणाआधी. मोरपिसाच्या काड्या, रसेल मार्केटातून आणलेली कोंबडीची पिसं आणि चिकपेटेतला रेशमी दोरा. दोऱ्याचा शेवटचा वेढा घालताना ते श्वास धरत. मलाही धरायला लावत.

हिवाळा सरला, पाणी उतरलं, की कनकपुऱ्याच्या रस्त्यानं कावेरीवर. संगम, मुत्तत्ती, गालिबोरे. डब्यात दहीभात, मेतकूट आणि अवरेकाळूची उसळ. मुत्तत्तीला हनुमंताचं दर्शन आधी. सीतामाईची नथ डोहात पडली आणि मारुतीनं शेपटीनं पाणी घुसळून ती वर काढली, ही गोष्ट ते दर वर्षी सांगत आणि डोहाची खोली दर वर्षी वाढे.

मोठी महसीर मासळी धरायची तर कावेरीवर नाचणीचा गोळा वापरत. पीठ मळायचं, शिजवायचं, पुन्हा मळायचं आणि गळाभोवती लिंबाएवढं थापायचं. हरिगोल, म्हणजे गोल टोपलीसारखी नाव, वल्हवणारे नावाडी यात तरबेज. अण्णाआजोबांचा जीव मात्र माशीवर. माशीला लहान मासा लागतो. पण ती पोटात जात नाही, ओठात अडकते आणि मासा धड सुटतो. ओले हात करून, पाण्याबाहेर न काढता ते गळ सोडवत आणि मासा प्रवाहाकडे तोंड करून धरून ठेवत. त्यानं स्वतःच्या बळावर शेपूट मारली की मगच हात काढायचा.

१९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या एकानं काबिनी नदीत १२० पौंडांची महसीर धरली. वाघांची कातडी भरणारे, तेच हे व्हॅन इंगेन. अण्णाआजोबा तेव्हा कॉलेजात होते. ती महसीर पाहायला ते सायकलनं म्हैसूरला गेले, असं आजी सांगे. आगगाडीनं, असं माझे वडील.

त्यांच्या तोंडी कायम एक वर्णन असे: डोक्यामागून चढत गेलेला उंचवटा आणि नारिंगी पर. मी पाहिलेल्या माशांचे पर निळसर. घरात सगळे म्हणत, वय झालं, रंग मिसळतात. पण माशांच्या या रंगबदलात आपल्या मराठी मुलखाचाही धागा आहे. निळ्या परांच्या महसीरचं वर्णन कर्नल साइक्स यांनी पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून १८३९ मध्ये केलं. पुढे लोणावळ्याला टाटांच्या तलावांवर डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि ओगले यांनी तिची पैदास साधली. महसीर वाचावी म्हणूनच ती पिल्लं १९७०च्या दशकापासून कावेरीतही सोडली गेली. हेतू निर्मळ होता. ती पिल्लं रुजली, वाढली, आणि कावेरीची स्वतःची मासळी दिसेनाशी होत गेली. धरणं, वाळूउपसा आणि सुरुंगाची मासेमारी तिच्या मुळावर होतीच. त्या उंचवट्याच्या, नारिंगी परांच्या मासळीची शास्त्रीय ओळख २०१८ साली पक्की झाली: टॉर रेमादेवी. त्याच वर्षी ती अतिसंकटग्रस्त ठरली. मोयार नदीत ती अजून टिकून आहे.

अण्णाआजोबा तोवर गेले होते. बातमी मी काकूला, त्यांच्या सुनेला, वाचून दाखवली. ती अवरेकाळू सोलत होती. म्हणाली, ‘मामंजींनी मासा कधी वाढवून सांगितला नाही रे. वजन तर दोन पौंड कमीच सांगायचे.’