पेशींचे वय आणि पक्षाघात: स्त्री-पुरुषांचे दोन हिशेब

स्त्रीच्या पेशी पुरुषाच्या पेशींपेक्षा सावकाश म्हाताऱ्या होतात, हे आता प्रयोगशाळेत मोजता येते. असे असताना बायकांना पक्षाघात कमी व्हायला हवा. प्रत्यक्षात तसे दिसत नाही. पंचविशी गाठलेल्या माणसाला उरलेल्या आयुष्यात कधीतरी पक्षाघात होण्याची शक्यता, २०१६ च्या जागतिक अंदाजानुसार, पुरुषांत २४.७ टक्के आणि बायकांत २५.१ टक्के आहे. पेशींमधला फायदा मध्येच कुठे गळून जातो, याचा शोध सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत घेतला तर उत्तराचा मोठा भाग पेशीच्या बाहेर सापडतो.

आधी पेशीचे पाहू. शरीरातली साधी पेशी कितीही वेळा दुभंगू शकत नाही. साधारण ४० ते ६० विभाजनांनंतर ती थांबते, हे लिओनार्ड हेफ्लिक यांनी १९६१ मध्ये दाखवले. गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमेअर नावाचे संरक्षक तुकडे असतात आणि प्रत्येक विभाजनात ते थोडे झिजतात. ही झीज भरून काढणाऱ्या टेलोमरेज या विकराच्या शोधासह या संशोधनासाठी एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरोल ग्रायडर आणि जॅक शोस्टॅक यांना २००९ चे नोबेल मिळाले. टोके फार आखूड झाली की पेशी मरतेच असे नाही. ती तशीच बसून राहते आणि आसपास दाह वाढवणारी रसायने सोडत राहते. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात अशा पेशी साठल्या की वाहिनीला सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड कमी पडतो, भिंत कडक होते आणि तिच्यावर चरबीचे थर बसू लागतात. पक्षाघाताची तयारी अशी वीस-तीस वर्षे मुकाट्याने चालू असते. गावात ‘रात्री झोपला तेव्हा चांगला होता, सकाळी अंगावरनं वारं गेलं’ असे सांगतात. त्यातली सकाळ खरी असते, तयारी मात्र बरीच जुनी असते.

स्त्रियांचे टेलोमेअर सरासरीने पुरुषांपेक्षा लांब असतात. इस्ट्रोजेन हे संप्रेरक टेलोमरेजला चालना देते, हे त्यामागचे एक कारण. पुरुषांच्या बाबतीत आणखी एक भानगड आहे. वय वाढेल तसे त्यांच्या काही रक्तपेशींमधून वाय गुणसूत्रच नाहीसे होते, आणि अशा पेशींचा हृदयविकाराशी संबंध दिसून आला आहे. डीएनएवरच्या रासायनिक खुणा मोजून पेशीचे वय सांगणारे ‘घड्याळ’ स्टीव्ह होर्व्हाथ यांनी २०१३ मध्ये मांडले. तशा घड्याळांतही पुरुष सहसा पुढेच धावताना दिसतात. मुंबईत २००५-०६ मध्ये झालेल्या पक्षाघाताच्या नोंदणीत पहिला झटका आलेल्या पुरुषांचे सरासरी वय ६३ च्या आसपास होते, बायकांचे सुमारे ६९. म्हणजे पेशींनी बाईला काही वर्षांची सवलत दिली. पण ती जास्त जगते, आणि झटक्याच्या ऐन वयात पोचणाऱ्यांत बायकाच जास्त उरतात. वरच्या जवळजवळ सारख्या आकड्यांचा अर्धा उलगडा इथेच होतो.

टेलोमेअरची लांबी पाहून पक्षाघाताचे भाकीत करता येते का? २०१४ मध्ये २४ अभ्यास आणि ४३ हजारांहून अधिक माणसांची माहिती एकत्र करून हे तपासले गेले. आखूड टेलोमेअर असणाऱ्यांत हृदयाच्या धमन्यांचा आजार स्पष्टपणे जास्त होता. मेंदूच्या वाहिन्यांच्या बाबतीत संबंध दिसला, पण निरोगी माणसांचा वर्षानुवर्षे मागोवा घेणारे अभ्यास वेगळे काढल्यावर तो इतका पुसट झाला की त्यावर भिस्त ठेवता येईना. उलट जन्मतःच लांब टेलोमेअर असणाऱ्यांत काही कर्करोग अधिक आढळतात. त्यामुळे ‘तुमचे खरे वय सांगतो’ म्हणून विकल्या जाणाऱ्या रक्तचाचण्यांवर सांगली-मिरजेच्या माणसाने पैसे घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. हजारो माणसांच्या सरासरीबद्दल त्या काही सांगू शकतात. एकट्या माणसाला उपयोगी पडेल असे फारसे काही सांगत नाहीत.

बाईला मिळालेली ही सवलत पाळी जाण्याच्या सुमारास आटू लागते, आणि आपल्याकडे ती पुष्कळदा वेळेआधीच हिरावली जाते. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या दीर्घ अभ्यासात, ज्यांची पाळी ४२ वर्षांच्या आत आपोआप गेली त्यांना रक्ताच्या गुठळीने होणारा पक्षाघात इतरांच्या सुमारे दुपटीने झाल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेने पाळी थांबवलेल्या बायकांत पेशींचे घड्याळही पुढे सरकलेले आढळते. आता हे आपल्या भागात आणून पाहा. दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात उतरतात. रेठरे, साखराळे, यशवंतनगर अशा कारखान्यांच्या हद्दीत त्यांच्या कोप्या पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली, आणि खाडा झाला तर पैसे कापले जाणार. पाळीचा त्रास, अंगावरून जाणे, फडात ना आडोसा ना पाणी, या साऱ्यावर ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला सोपा वाटतो. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली, तेव्हा १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे दर सहा जणींमागे एक. पिशवीबरोबर अंडाशयही काढले असेल तर इस्ट्रोजेन एका दिवसात तुटते. ते ठेवले असले तरी पुष्कळदा लवकर थकते. या बायकांची वाढणारी जोखीम ना पाठवणाऱ्या जिल्ह्याच्या हिशेबात येते, ना राबवून घेणाऱ्या.

मग बाहेरून इस्ट्रोजेन दिले की काम झाले, असे मात्र नाही. अमेरिकेत सोळा हजारांहून अधिक, पाळी गेलेल्या बायकांवर चाललेली संप्रेरकांची चाचणी २००२ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली, कारण स्तनांच्या कर्करोगाबरोबर पक्षाघातही वाढला होता. आधीच कडक झालेल्या वाहिनीत तेच संप्रेरक गुठळीला हातभार लावते. एकच रसायन तरुण वाहिनीला राखते आणि म्हाताऱ्या वाहिनीला धोक्यात घालते. टेलोमेअरच्या एका रेषेत न मावणारी अशी गुंतागुंत बायकांच्या बाबतीत पदोपदी आहे.

बाळंतपण घ्या. बाळंतपणानंतरचे काही आठवडे रक्त घट्ट गोठण्याकडे झुकलेले असते, आणि त्याच दिवसांत बाळंतिणीला पाणी कमी द्यायची रीत अजून पुष्कळ घरांत आहे. मेंदूच्या शिरांत गुठळी होण्याचा तरुण बायकांमधला आजार यातून बळावू शकतो. डोकेदुखी, फिट आणि मग लकवा असा त्याचा क्रम असतो. गौरी-गणपतीला किंवा घरच्या कार्याला पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या दुकानातून आणून परस्पर घेणे हेही गुठळीची प्रवृत्ती असलेल्या बाईला महागात पडू शकते. मिश्रीचे तर सांगायलाच नको. भाजलेल्या तंबाखूने दिवसातून दोनतीनदा हिरड्या घासणारी बाई स्वतःला तंबाखू खाणारी समजत नाही, आणि डॉक्टरही पुष्कळदा तो प्रश्न फक्त नवऱ्यालाच विचारतात.

पुरुषांचा हिशेब याहून सरळ आणि अधिक निष्काळजी आहे. ३२ देशांत झालेल्या मोठ्या अभ्यासाने २०१६ मध्ये दाखवले की पक्षाघाताच्या जोखमीचा सुमारे नव्वद टक्के भाग दहा सुधारता येण्याजोग्या कारणांतून येतो. त्यांत पहिला रक्तदाब. गडचिरोलीत ८६ गावांतल्या मृत्यूंचा मागोवा घेतला तेव्हा दर सात मृत्यूंमागे एक पक्षाघाताचा निघाला, आणि तेही कुठे मोठे कारखाने वा शहर नसलेल्या मुलखात. सातारा जिल्हा याबाबतीत नशीबवान म्हणायला हवा. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात, २०१७-१८ मध्ये, महाराष्ट्रातून निवडलेल्या चार जिल्ह्यांत सिंधुदुर्ग, भंडारा, वर्धा यांच्याबरोबर तो होता. ठरलेल्या दोनतीन गोळ्या, दर महिन्याला मोजमाप, रुग्णाच्या नावाचे कार्ड, जवळच्या केंद्रात औषध. योजना इतकी साधी आहे. पण अशा केंद्रांवर नोंदणीला बायकाच जास्त येतात. जावळी-पाटणचा माथाडी मुंबईत असतो, विट्या-आटपाडीचा गलाई कारागीर परराज्यात, आणि गावात उरलेला शेतकरी पाण्याच्या पाळीवर. पन्नाशीतला पुरुष ‘मला काय झालंय?’ म्हणत दाब मोजायचे टाळतो, त्याच काळात त्याच्या वाहिन्या पेशींच्या वयाच्या पुढे धावत असतात. दाब मोजायला दोन मिनिटे लागतात, आणि वाहिनीच्या वयाचा त्याहून स्वस्त अंदाज अजून तरी कोणत्याही जनुकचाचणीने दिलेला नाही.

झटका आलाच तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि तेही मेंदूचा सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावर. जत किंवा माणच्या टोकाच्या वस्तीवरून मिरज, सांगली, कराड, सातारा गाठेपर्यंत त्यातले बरेच तास संपतात. झाडपाल्याचे औषध देणाऱ्या गावाकडे गाडी वळली तर सगळेच संपतात. तोंड वाकडे झाले, एक हात पडला किंवा बोलणे अडखळले, तर रुग्ण पुरुष असो वा बाई, शेवटचे ठीक कधी होते ती वेळ कागदावर लिहा आणि १०८ ला फोन करा.