बकासुराचं पथ्य

एरंडोल म्हणजेच महाभारतातली एकचक्रा नगरी, असं आम्ही एरंडोलकर पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो आहोत. परगावच्या पाहुण्यानं पुरावा मागितला तर आम्ही त्याला पद्मालयाला नेतो. तिथं उजव्या आणि डाव्या सोंडेचे दोन गणपती एकाच गाभाऱ्यात बसलेले दाखवतो, मग भीमकुंड दाखवतो. एवढं हिंडून झाल्यावर पाहुणा पुरावा मागायचं सोडून पाणी मागतो.

त्या एकचक्रेत बकासुर असे. त्याचा आहार महाभारतात स्वच्छ नोंदलेला आहे : गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन येणारा माणूस. म्हणजे आमच्या गावाच्या इतिहासाची सुरुवातच एकाच्या भुकेनं आणि बाकीच्यांनी केलेल्या तिच्या बंदोबस्तानं होते. तेव्हा आमच्या बोक्याचं नाव बकासुर पडलं, यात नवल नाही.

तर हा बकासुर एका मे महिन्यात, पारा ४५ला टेकलेला असताना, न्हाणीघराच्या कोपऱ्यात जाऊन बसू लागला. बसायचा, कुंथायचा, उठायचा, पुन्हा बसायचा. सासूबाईंनी निदान केलं, "पोट धरलंय. चमचाभर एरंडेल द्या." एरंडोलात राहून एरंडेलाला नाही म्हणणं कठीण, पण तेवढ्यात त्यानं जेवणाकडे पाठ फिरवली आणि घर हादरलं. गावातले डॉक्टर मुख्यतः गाईम्हशींचे. त्यांनी पोटावर हात ठेवला मात्र आणि म्हणाले, "एरंडेल राहू द्या. लघवी तुंबली आहे याची. असेच जळगाव गाठा." बोक्याची मूत्रनळी फार अरुंद असते. तिच्यात बारीक खडा किंवा चिकट बोळा अडकला की रक्तात विष चढतं आणि दोन-तीन दिवसांत खेळ आटोपतो. जळगावला नळी घालून त्याला मोकळं केलं. परत आला तो गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं घालून, आणि माझ्या हातात पथ्याचा कागद.

कागदावर मोजून तीन वाक्यं होती. पाणी पोटात गेलं पाहिजे. वजन उतरलं पाहिजे. पण उपाशी ठेवू नये. मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला आहे. कागद हाती आला की त्याच्यामागं काय दडलंय ते पाहिल्याशिवाय मला राहवत नाही.

मांजराचा मूळ पुरुष म्हणजे आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखातलं रानमांजर. सायप्रस बेटावर माणसाच्या थडग्याशेजारी पुरलेलं एक मांजर सापडलं, त्याची हकीकत २००४ साली प्रसिद्ध झाली. ते साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं. माणसानं धान्य साठवलं, धान्याला उंदीर आले, उंदरांमागून मांजर आलं. बोलावणं कोणीच धाडलं नव्हतं. आता उंदराच्या अंगात सुमारे सत्तर टक्के पाणी. म्हणजे मांजराचं जेवण हाच त्याचा पाण्याचा पेला! वाटीतलं पाणी पिण्याची हौस त्या कुळाला कधी लागलीच नाही, आणि मूत्रपिंडं अशी काटकसरी की थेंबाथेंबाचा हिशेब ठेवून लघवी दाट करतात. वाळवंटात हा सद्गुण. सतरंजीवर लोळणाऱ्या बोक्याला तोच नडतो.

आपण त्याला काय दिलं? दूधभाकरी. आपल्या म्हणींतलं मांजर डोळे मिटून दूध पितं, नाहीतर शिंकं तुटायची वाट पाहतं. वास्तविक पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचत नाही. गोड तर त्यांना कळतच नाही. गोडाची चव घेणारं एक जनुकच निकामी आहे, असं २००५ साली फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेनं दाखवलं. मोदकाकडे बकासुर तुच्छतेनं का बघतो ते मला तेव्हा उमगलं. शिवाय टॉरिन नावाचं एक द्रव्य त्याला मांसातूनच मिळतं. ते कमी पडलं तर हृदय कमजोर होतं, हे १९८७ साली कॅलिफोर्नियात सिद्ध झालं. आमच्या शाकाहारी स्वयंपाकघराची पंचाईत झाली ती इथं.

कोरड्या दाण्यांचं प्रकरण वेगळं. १८६०च्या सुमारास जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकनानं लंडनात कुत्र्यांची बिस्किटं विकायला काढली. पुढं डबाबंद ओलं खाणं आलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतला पत्रा लढाईच्या कामी लागला, डबे अडले आणि कोरड्याचे दिवस आले. १९५०च्या दशकात यंत्रातून फुगवून काढलेले दाणे निघाले. त्यात पाणी जेमतेम दहा टक्के. वाटीत ओता आणि कामाला जा. सोय झाली ती माणसाची.

मग बोके तुंबू लागले आणि आरोपी शोधणं सुरू झालं. १९७० साली या दुखण्याला एक भारदस्त इंग्रजी नाव मिळालं. आजार अनेक, नाव एक. कॉर्नेल विद्यापीठात संशय विषाणूवर गेला. डेन्मार्कात विलेबर्ग यांनी आजारी मांजरांची टिपणं काढली, तर खच्ची केलेले, लठ्ठ, घरबसे, कोरडं खाणारे बोके पुढं आले. (वर्णन वाचून मला काही परिचित गृहस्थ आठवले, पण ते असो.) कोणी म्हणालं, दोष खाण्यातल्या एकूण क्षारांचा. मग बाकीचे क्षार निर्दोष सुटले आणि एकट्या मॅग्नेशियमला बेड्या पडल्या. पुढं कळलं की स्ट्रुव्हाइटचे खडे होणं न होणं मुख्यतः लघवी किती आम्ल यावर आहे. झालं! कारखान्यांनी लघवी आम्ल करणारं खाणं काढलं. स्ट्रुव्हाइट घटलं आणि कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे वाढले. मिनेसोटा विद्यापीठात १९८१पासून ठिकठिकाणचे खडे तपासायला जातात. तिथल्या नोंदींत हा सत्तापालट चक्क दिसतो. स्ट्रुव्हाइट निदान पथ्यानं विरघळतं. ऑक्झलेट विरघळत नाही.

शेवटी ओहायोच्या टोनी बफिंग्टन यांनी निराळीच वाट धरली. कितीतरी मांजरांत खडा नाही, जंतू नाही, तरी दुखतंच. २००६ साली त्यांच्या गटानं नुसतं घरातलं राहणं बदलून पाहिलं. लपायला जागा दिली, खेळ दिला, कटकटी कमी केल्या. तर पुष्कळांचा त्रास उतरला. म्हणजे काळजी मूत्राशयात उतरते. सासूबाई म्हणाल्या, "हे मला विचारलं असतं तरी सांगितलं असतं."

राहिली भूक. ती इतिहासात बसत नाही, पहाटे पाचला छातीवर येऊन बसते. एकादशी घडवावी तर तीही सोय नाही. लठ्ठ मांजरानं दोन-तीन दिवस अन्न सोडलं तर चरबी यकृतात साचून ते आजारी पडतं. नवं खाणंही एकदम द्यायचं नाही. जुन्यात थोडं थोडं मिसळत आठवड्यानं पुरं बदलायचं. म्हणून दिवसाचा रतीब तराजूवर तोलून आम्ही त्याचे पाच भाग केले आहेत. भीमानं हे काम एका बैठकीत उरकलं होतं, पण त्याला बकासुर जगवायचा नव्हता.

शेजारच्या काकूंना मात्र हे पटत नाही. "बिचाऱ्याले उपाशी मारता का हो तुम्ही?" असं म्हणून त्या भिंतीवरून शेवभाजीचा रस्सा पुढं करतात. कांदा-लसूण मांजराला विषासारखा, हे खानदेशात पटवून देणं म्हणजे वांग्याशिवाय भरीत करणं.

ओलं खाणं आता जळगावहून येतं. त्यात वर कोमट पाणी घालायचं असतं. माशाचा वास घरभर पसरतो. सासूबाईंनी त्यासाठी वेगळी वाटी, वेगळा चमचा आणि अंगणातली वेगळी जागा नेमून दिली आहे. पदर नाकाला लावून त्या स्वतःच पाणी घालतात आणि तो चाटूनपुसून उठेपर्यंत तिथून हलत नाहीत. मग न्हाणीघराच्या कोपऱ्यातली त्याची वाळूची पेटी बघून येतात आणि मला तिथूनच ओरडून सांगतात, "झाली हो, दोनदा!"