निषिद्ध गहू : परमुलखातील पंगत आणि वेदी

ज्याच्या पोटाला गहू सोसत नाही, त्याने परमुलखात काय खावे? तांदळाच्या भाकरीवर वाढलेल्या वसईकराला घरी हा प्रश्न फारसा छळत नाही. बाजारच्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुष्कळ झाले. तोच रोम-लूर्दच्या यात्रेस निघाला, की पंगतीत पाव आणि वेदीवरही गव्हाचीच भाकर. गहू, जव व राय या धान्यांतील ग्लुटेन नामक प्रथिनाने ज्यांच्या लहान आतड्याचे अस्तर झिजते, त्यांच्या व्याधीस सीलिॲक म्हणतात.

व्याधी जुनी आहे. कॅपाडोशियाच्या अरेटियस या प्राचीन ग्रीक वैद्याने तिचे वर्णन करून ठेवले आहे. १८८८ साली लंडनच्या डॉ. सॅम्युएल गी यांनी, उतार पडायचा तर तो पथ्यानेच, असे निदान केले. डच शिंपल्यांवर पोसलेले एक मूल सुधारल्याचीही त्यांची नोंद आहे. योगायोग असा, की खरा उलगडा हॉलंडमध्येच झाला. हेग येथील बालरुग्णालयाचे डॉ. विलेम डिके यांना युद्धापूर्वीच गव्हाविषयी संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नाझींच्या नाकेबंदीमुळे पाव दुर्मीळ झाला आणि हजारो माणसे उपासमारीने दगावली. त्याच काळातील अनुभवाने डिके यांचा संशय बळावला. १९५० साली उट्रेख्ट विद्यापीठात त्यांनी आपला प्रबंध सादर केला.

पंगतीचा प्रश्न पुढे बराच सुटला. इटलीत १९७९ साली रुग्णांच्या आप्तांनी संघटना उभारली आणि २००५ च्या कायद्याने शाळा व रुग्णालयांच्या भोजनगृहांतून असे जेवण मागण्याचा हक्क मिळाला. आज तेथे ‘सेंझा ग्लुटिने’ एवढे दोन शब्द उच्चारले, की वाढपी बहुधा उमजतो. मक्याची पोलेन्ता आणि भाताचा रिसोत्तो आहेतच. मात्र पास्ता उकळलेल्या पाण्याचा वा पावाच्या सुरीचा संसर्ग झाला नाही ना, हे विचारून घ्यावे.

वेदीचा प्रश्न कठीण, कारण तेथे पर्याय शोधण्याची मुभा मर्यादित आहे. ख्रिस्तप्रसादाची भाकर निव्वळ गव्हाचीच असावी, असे धर्मसंहितेचे ९२४ वे कलम सांगते. तांदळाची भाकर चालत नाही. १९९५ साली श्रद्धासिद्धान्त मंडळाने अत्यल्प ग्लुटेनच्या ओस्तीस मान्यता दिली, परंतु त्याच पत्राने अशा रुग्ण उमेदवारांस गुरुदीक्षा नाकारली. वेदीवर उभे राहण्यासाठी वर्षानुवर्षे तयारी करणाऱ्या तरुणाला आतड्याच्या दोषावरून माघारी पाठवणे मला फार कठोर वाटते. २००३ च्या पत्राने तो निर्बंध सौम्य करून ‘मोठी सावधगिरी’ एवढ्यावर आणला, हे बरे झाले. पुढे अमेरिकेत मिसुरीमधील क्लाइड येथील बेनेडिक्टाइन भगिनींनी सुमारे ०.०१ टक्के ग्लुटेनची ओस्ती सिद्ध केली. ग्लुटेनचा अंशही नसलेली ओस्ती मात्र चालत नाही, हे २०१७ च्या पत्राने पुन्हा बजावले.

तेवढेही ज्याला सोसत नाही, त्याने केवळ द्राक्षारस स्वीकारावा. इतिहासाचा खेळ पाहा: १४१५ साली कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेने प्रापंचिकांना चषक नाकारला, तेव्हा आधार दिला तो एकेका रूपात पूर्ण ख्रिस्त असतो, या शिकवणुकीचा. सहा शतकांनंतर त्याच शिकवणुकीने भाकर न सोसणाऱ्याच्या हाती चषक दिला. परंतु धर्मगुरू भाकरीचा तुकडा मुख्य चषकात टाकतो, म्हणून अशा यात्रेकरूसाठी चषक वेगळा हवा. त्याने मिस्सा सुरू होण्याआधी साक्रिस्तीत जाऊन तसे सांगावे, आणि स्वतःची ओस्ती आणली असल्यास ती निराळ्या डबीत द्यावी.