दुपारची डुलकी आणि आळसाचा आरोप

दुपारी जेवून पाठ टेकणारा माणूस आळशी, हे मत आपल्याकडे इतकं पक्कं आहे की पुण्याच्या दुकानदारावरचे विनोद त्याच्याच जोरावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. ‘१ ते ४ बंद’ ही पाटी सगळ्यांच्या डोळ्यांत खुपते. तोच माणूस सकाळी आठला कुलूप काढतो आणि रात्री नऊला शटर ओढतो, म्हणजे त्याचे दहा तास भरतात, हा हिशेब कुणी मांडत नाही.

पूर्वपक्षाकडे थट्टेखेरीज शास्त्राचाही आधार आहे, तो टाळून चालणार नाही. दिवसा झोपल्याने कफ-पित्त वाढतं, असं चरकसंहिता सांगते. पण सूत्रस्थानाचा तोच एकविसावा अध्याय पुरता वाचण्याची तसदी आक्षेपक घेत नाहीत. उन्हाळ्यात दिवसा झोपायला तिथे मुभा आहे. शिवाय बालकं, वृद्ध आणि अशक्त माणसं, तसंच अध्ययनाने, कष्टाने, ओझी वाहून किंवा वाट तुडवून थकलेले यांना तर ती बारमाही आहे. मनाई मुख्यतः लठ्ठ, कफप्रकृतीच्या आणि तूप-तेलावर ताव मारणाऱ्यांना. आणि बसल्या बसल्या घेतलेली डुलकी? ती रूक्षताही आणत नाही आणि कफही साचवत नाही, असा निर्वाळा तिथेच दिला आहे. निषेध आहे तो लांबलचक निजण्याचा. त्याची वकिली मीही करणार नाही. गाढ झोपेतून अर्धवट उठलेल्याचं डोकं तासभर जड राहतं, हे कुणीही सांगेल.

बसल्या डुलकीचा पुरावा पुढे भलत्याच ठिकाणी मिळाला. नासाने लांब पल्ल्याच्या विमानांतल्या वैमानिकांना आळीपाळीने, आपल्याच खुर्चीत, ४० मिनिटांची विश्रांती देऊन पाहिली. झोप लागली ती सरासरी २६ मिनिटं. ज्यांना ती मिळाली नाही, त्यांचा उड्डाणाच्या शेवटच्या टप्प्यात, विमान खाली आणतानासुद्धा, क्षणभर डोळा लागल्याची नोंद झाली. विश्रांती घेतलेले तरतरीत राहिले. ‘जेवण जड झालं म्हणून पेंग येते’ हे म्हणणंही अर्धंच खरं. दुपारची ती मंदी शरीराच्या घड्याळातच आहे, उपाशी माणसालाही ती येते.

उरतो अर्थशास्त्राचा आक्षेप: मधे थांबलं की काम बुडतं. २०२३ मध्ये उद्योजक नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायला सांगितलं, तेव्हा वाद झाला तो एकूण तासांवर. ते तास मधे न थांबता निभतात का, हे फारसं कुणी विचारलं नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांनी मात्र तो प्रश्न १८८४ मध्येच मांडला होता. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं. त्यात रविवारच्या सुटीच्या जोडीला दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती मागितली होती. आणि ती मागताना काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त चालावं, हेही त्यांनी मान्य केलं होतं. दिवसभर साच्यावर उभं राहायला तयार असलेल्या या माणसांना कामचुकार ठरवणं अवघड आहे. १८९१ च्या कायद्याने बारा ते दोनच्या दरम्यान तो अर्धा तास दिला. १९४८ च्या कारखाने कायद्यानेही सलग पाच तासांपुढे काम घ्यायचं तर आधी अर्धा तास मोकळा द्या, असं मालकाला बजावलं.