मक्याचा भाव आणि मतांचा कौल

आयोवा राज्याच्या ईशान्येस, मिनेसोटाच्या सीमेला लागून, हॉवर्ड नावाची एक लहानशी कौंटी आहे. क्रेस्को हे तिचे मुख्य ठिकाण. आपल्याकडे हे नाव कोणी फारसे ऐकलेले नसेल. परंतु ज्यांच्या बुटक्या गव्हाने भारतातील धान्यटंचाई हटविण्यास मोठा हातभार लावला, ते नॉर्मन बोरलॉग १९१४ साली याच कौंटीतील एका शेतावर जन्मले. अमेरिकन अभ्यासकांना मात्र हॉवर्ड आज ठाऊक आहे ते निराळ्या कारणाने. २०१२ साली तिने बराक ओबामांना २० टक्क्यांहून अधिक आघाडी दिली आणि चारच वर्षांनी डोनाल्ड ट्रम्प यांनाही २० टक्क्यांहून अधिक आघाडी दिली. देशातील ३,००० हून अधिक कौंट्यांत असे दुसरे उदाहरण नाही.

माणसे एवढ्या लवकर बदलतात काय? आमच्या मते, उत्तरासाठी थोडे मागे जावयास हवे.

यादवी युद्धानंतरचा आयोवा रिपब्लिकन पक्षाचा बालेकिल्ला होता. त्याला पहिला मोठा तडा गेला तो दारूबंदीमुळे. १८८४ साली लागू झालेल्या कडक कायद्यामागे प्रॉटेस्टंट सुधारक होते, तर जर्मन, आयरिश व बोहेमियन कॅथलिकांना तो आपल्या चालीरीतींवरील घाला वाटला. १८८९ साली बंदीला विरोध करणारे होरेस बॉईस हे डेमोक्रॅट गव्हर्नर निवडून आले. त्या काळी माणसाचे चर्च कोणते हे कळले, की त्याचे मत बहुधा सांगता येई. हॉवर्डमधील प्रोटिव्हिन हे गाव बोहेमियातील त्याच नावाच्या गावावरून वसले. तेथील चर्चच्या मनोऱ्याखाली राजकारणाची चर्चा होत नसेल, असे आम्हाला वाटत नाही.

पण धर्माहून बलवत्तर ठरला मका. १९४८ चे उदाहरण यासाठी लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी पीक उदंड आले. सरकारी हमीभावाचे कर्ज घ्यावयाचे तर धान्य मान्यताप्राप्त कोठारात ठेवणे आवश्यक होते. आणि रिपब्लिकन बहुमताच्या काँग्रेसने तर सरकारी महामंडळाला नवी कोठारे उभारण्यास मज्जाव करून ठेवला होता. भाव कोसळले. सप्टेंबरमध्ये आयोवातील डेक्स्टर येथे, नांगरणीच्या स्पर्धेसाठी जमलेल्या अफाट समुदायापुढे, हॅरी ट्रुमन यांनी नेमके यावरच बोट ठेवले. चार वर्षांपूर्वी ड्यूई यांना कौल देणाऱ्या आयोवाने या खेपेस त्याच ड्यूईंना नाकारले. १९५२ मध्ये हेच शेतकरी आयझेनहॉवर यांच्या मागे गेले, हे सांगावयास नकोच.

१९७९ च्या ऑक्टोबरात पोप जॉन पॉल दुसरे यांनी डेमॉइन शहराजवळच्या शेतांवर मिस्सा अर्पण केली व जमीन जपण्याचा उपदेश केला. त्यानंतर थोड्याच वर्षांत ती जमीनच शेतकऱ्यांच्या हातून निसटू लागली. तेजीत काढलेली कर्जे, गगनाला भिडलेले व्याजदर. १९८१ ते १९८६ या काळात आयोवातील जमिनीची किंमत ६० टक्क्यांहून अधिक घसरली. १९८८ साली अवघी दहा राज्ये जिंकणाऱ्या डुकाकिस यांच्या पदरात आयोवा पडले, ते याच रागापायी.

म्हणूनच पुढचे कोडे अवघड आहे. २०१२ ते २०१६ या काळात मक्याचा भाव निम्म्याहून खाली आला. तेव्हा मते फिरली, हे जुन्या रीतीस धरूनच झाले. परंतु २०१८ साली व्यापारयुद्धात चीनने अमेरिकन सोयाबीनवर २५ टक्के जकात बसविली, भाव पडले, आणि तरीही २०२० साली हॉवर्ड ट्रम्प यांच्याकडेच राहिली. सरकारने अब्जावधी डॉलरची भरपाई दिली हे खरे; पण केवळ त्यामुळे हे घडले, असे आम्ही मानीत नाही. १९०० साली १४,००० हून अधिक असलेली कौंटीची लोकसंख्या २०२० साली साडेनऊ हजारांच्या आत आली होती. यंत्रे वाढली, शेते मोठी झाली, मुले शहरांकडे गेली. मक्याच्या भावावर ज्याची चूल अवलंबून आहे, असा मतदारच आता थोडा उरला आहे. राहिलेल्यांचा राग भावापेक्षा शहरांवर अधिक आहे.

हॉवर्ड ज्या महाधर्मप्रांतात मोडते, त्या डब्यूकचीही तीच कथा. १९५६ मध्ये आयझेनहॉवर यांना निवडल्यानंतर साठ वर्षे डब्यूक कौंटीने रिपब्लिकन उमेदवाराला कौल दिला नव्हता. १९६० साली सारे राज्य निक्सनकडे गेले असताना ती केनेडींच्या पाठीशी उभी राहिली. २०१६ साली अगदी थोड्या मतांनी तीही फिरली. आणि २०२० व २०२४ मध्येही परतली नाही.